काचेच्या पेटीतले पाणी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून थोडी आत एक काचेची पेटी आहे. अडीच फूट लांब, फूटभर रुंद. एका माजी विद्यार्थ्याने गोव्याहून येताना ती आणून दिली आणि ‘सर, मुलांना मासे दाखवा’ असे सांगून तो गेला. मासे मिळणे अवघड नव्हते. पण नुसत्या वाळूवरून फिरणारे मासे पाहून मन भरेना. म्हणून जोयड्याजवळच्या ओळखीच्या एका कुळागरात गेलो, मालकांची परवानगी घेतली आणि पोफळींमधून वाहणाऱ्या पाटाच्या कडेची, लांब अरुंद पानांची चार-पाच रोपे मुळांसकट उपटून आणली. शाळेच्या बोअरवेलच्या पाण्यात ती हिरवी पाने डोलू लागली तेव्हा नववीचा सारा वर्ग पेटीभोवती जमला.

चौथ्या दिवशी पानांवर काचेसारखे पारदर्शक डाग दिसले. आठव्या दिवशी पाने शिजलेल्या भाजीसारखी विरघळली आणि पाणी गढूळ झाले. पुढच्या आठवडी बाजारात कुळागराचे मालक भेटले. वय सत्तरीच्या पुढचे, शाळा चौथीपर्यंत. मी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या कोकणीत एवढेच विचारले, ‘मास्तर, झाड हाडलें, पूण उदक खंय हाडलें?’

झाड आणले, पण पाणी कुठे आणले? हाच प्रश्न नीट समजून घ्यायला युरोपातल्या विद्वानांना शंभराहून अधिक वर्षे लागली. घरातल्या मत्स्यालयात पाणवनस्पती आणि प्रवाळ जिवंत ठेवण्याचा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाचाच इतिहास होय. तो पाहू लागलो आणि त्यात इतका रमलो, की ह्या दिवाळीत वाचकांपुढे तोच ठेवावा असे वाटले.

पाण्यातल्या जीवांचे कौतुक आपल्याकडे नवे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाणे, त्यांची राहण्याची ठिकाणे ह्यांचे वर्णन येते. कन्नड मुलखात राज्य करणाऱ्या ह्या राजाच्या ग्रंथात जुन्या मराठीच्याही खुणा सापडतात, हे आपल्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. पण सोमेश्वराचे मासे नदीतळ्यातच राहिले. पाणीच उचलून घरात आणावे, त्यातले झाड आणि त्यातला जीव डोळ्यांसमोर वाढताना पाहावा, ही कल्पना फार पुढची आहे. तिची सुरुवात झाली ती प्रवाळापासून, तीही एका भांडणाने.

प्रवाळ म्हटले की आपल्याला मंगळाची अंगठी आठवते. पोवळे हा खडा आहे असेच बहुतेकांना वाटते. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी वाद होता तो हे दगड की वनस्पती असा. १७०६ च्या सुमारास मार्सिली नावाच्या इटालियन सरदाराने लाल प्रवाळाच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यांत ठेवल्या. काही वेळाने फांदीवर आठ पाकळ्यांची पांढरी ‘फुले’ उमलली. प्रवाळ ही वनस्पतीच, असे त्याने जाहीर केले. पुढे वीसेक वर्षांनी मार्सेचा डॉक्टर पेसोनेल ह्याने तोच प्रयोग केला. त्याला दिसले की ही ‘फुले’ धक्का लागताच मिटतात आणि पाणी निवांत झाले की पुन्हा बाहेर येतात. फुले असे करत नाहीत. हे तर प्राणी! त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला तसे कळवले. तिथले थोर शास्त्रज्ञ रेओमूर ह्यांना हे इतके वेडगळ वाटले, की पेसोनेलची अब्रू वाचावी म्हणून त्यांनी त्याचे नाव न घेताच ते मत सभेपुढे मांडले. पेसोनेलचे खरे ठरायला आणखी काही दशके गेली.

ह्या भांडणात दोघांनीही प्रवाळ जिवंत ठेवला तो काही तास, फार तर काही दिवस. पाणी बदलल्यावाचून तो जगेना. का जगेना, ह्याचे उत्तर एका निराळ्याच खोलीत, निराळ्याच माणसाला सापडत होते.

दहावीच्या विज्ञानात एक प्रयोग असतो. चंचुपात्रात हायड्रिलाच्या फांद्या, त्यावर पालथे नरसाळे, त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवली की फांद्यांतून बुडबुडे निघतात. सावलीत ठेवली की थांबतात. सुपा धरणाच्या फुगवट्याच्या कडेला मिळणारी हीच वनस्पती मुले पिशवीत भरून आणतात. ह्या प्रयोगाचे मूळ १७७९ साली यान इंगेनहाऊझ ह्या डच डॉक्टरने केलेल्या प्रयोगांत आहे. त्याआधी १७७१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ प्रीस्टलीने दाखवून दिले होते की, मेणबत्ती विझलेल्या कोंदट हवेत पुदिन्याचे रोप ठेवले तर ती हवा काही दिवसांनी पुन्हा श्वास घेण्याजोगी होते. इंगेनहाऊझने त्यात अर्धे उत्तर जोडले. हवा शुद्ध करण्याचे काम झाडाचा हिरवा भाग करतो आणि तेही केवळ उजेडात.

ह्याचा पेटीशी संबंध जोडायला आणखी सत्तर वर्षे लागली. मधल्या काळात १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नॅथानिएल वॉर्ड ह्यांनी फुलपाखराच्या जातीचा एक कोश ओल्या मातीसह झाकणबंद बाटलीत ठेवला. बाटलीत नकळत एक नेचा आणि गवताची काडी उगवली आणि पाणी न घालता ती वाढत राहिली. वॉर्डनी त्यावरून बंद काचपेट्या तयार केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे इंग्लंडहून सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली. पुढे चीनचा चहा हिमालयाच्या पायथ्याशी आला, तो ह्याच पेट्यांतून. निलगिरीवरच्या सिंकोनाची रोपेही अशाच पेट्यांतून समुद्रापार आली. साम्राज्यांची बागायत ह्या काचेने उभी केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि मग १८४६. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या एका धर्माधिकाऱ्याच्या पत्नी अ‍ॅना थाईन हवापालटासाठी टॉर्क्वे ह्या किनाऱ्यावरच्या गावी गेल्या होत्या. तिथे खडकांवर त्यांना लहानसे, पेल्याच्या आकाराचे प्रवाळ दिसले. बाईंनी काय करावे? सुईदोरा घेऊन ते प्रवाळ एका मोठ्या स्पंजाला शिवून टाकले, म्हणजे प्रवासात आपटायला नको. आणि समुद्राच्या पाण्याच्या दगडी बरणीत घालून लंडनला आणले. किनाऱ्याहून रोज पाणी कुठून आणणार? तेव्हा उघड्या खिडकीपाशी उभे राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहण्याचा परिपाठ सुरू झाला. बाईंना उसंत नसे तेव्हा हे काम मोलकरणीकडे येई. आपल्याकडे ताक घुसळतात तसे पाणी घुसळायचे. पाण्यात हवा मिसळावी एवढाच त्यातला हेतू. पुढच्या वर्षी त्यांनी भांड्यात समुद्री शेवाळ ठेवले आणि ओतण्याचे कष्ट कमी झाले. ते प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले, त्यांची पिल्लेही झाली. समुद्रापासून दूर, घरात प्रवाळ टिकवल्याची ही अगदी सुरुवातीची नोंद होय. बाईंचा वृत्तान्त छापून आला तो १८५९ मध्ये, बारा-तेरा वर्षांनी.

दरम्यान लंडनमध्येच रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनतज्ज्ञ गोड्या पाण्यात तोच हिशेब मांडत होते. १८४९ साली त्यांनी पेटीत दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणगवतासारखी वनस्पती लावली. ती आपल्याकडच्या तळ्यांतूनही आढळते. मासे कर्बवायू सोडतील, झाड तो घेईल आणि प्राणवायू देईल, असा हिशेब. पण काही दिवसांत झाडाची जुनी पाने कुजू लागली आणि काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टननी त्यात पाणगोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजका पाला फस्त केला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली आणि पाणी पुन्हा निवळले. १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा समतोल मांडला. दोघांचा संसार चालत नव्हता. तिसरा आल्यावर चालू लागला.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत फिलिप हेन्री गॉस ह्या निसर्गअभ्यासकाचा मोठा वाटा होता. १८५४ मध्ये त्यांचे ‘अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले आणि हा शब्द घरोघर गेला. नुसता शब्द नव्हे, छंदही. मध्यमवर्गीय कुटुंबे छिन्नी-हातोडा घेऊन किनाऱ्यावर उतरली. खडकांच्या खाचांतली समुद्रफुले, प्रवाळ, शेवाळ खरवडून काचेच्या पेट्यांत भरली गेली. बहुतेक आठवडाभरात मेली. मग पुन्हा किनारा होताच. काही वर्षांत छंद ओसरला, पण त्या डबक्यांतले वैभव परतले नाही. गॉसचे चिरंजीव एडमंड ह्यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रात ह्याची खंत नोंदवली आहे. वडिलांनी प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकांनीच तो किनारा ओरबाडला गेला, ही बोच वडिलांनाही होती. ज्याच्यावर प्रेम करायचे त्यालाच आपण संपवत नाही ना, हा प्रश्न ह्या छंदाच्या जन्मापासून त्याच्याबरोबर आहे.

आता वॉरिंग्टनच्या हिशेबात राहून गेलेली गोष्ट. माशांच्या मलमूत्रातून आणि कुजक्या अन्नातून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विषासारखा असतो. गोगलगाई पाला खातात, पण अमोनियाचे काय? हे उत्तर शोधण्यात मोठा वाटा उचलला तो वॉरिंग्टनच्याच मुलाने. बापाचेच नाव धारण करणारा धाकटा रॉबर्ट वॉरिंग्टन इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात जमिनीतल्या नत्राचा अभ्यास करीत होता. १८७७ मध्ये श्लेसिंग आणि म्युंट्झ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनी अमोनियाचे नायट्रेट होणे हे सूक्ष्मजीवांचे काम आहे असे दाखवले होते. धाकट्या वॉरिंग्टनने पुढे दाखवले की हे काम दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्प्यांचे कामकरी वेगळे असतात: एक अमोनियाचे नायट्राईट करतो, दुसरा नायट्राईटचे नायट्रेट. १८९० च्या सुमारास रशियाच्या विनोग्रॅड्स्कीने हे जिवाणू वेगळे करून दाखवले. बापाने पेटीत जे घडवले होते त्याचे कारण मुलाला शेताच्या मातीत सापडले!

म्हणून आजही नवी पेटी भरली की लगेच मासे सोडू नयेत असे जाणकार सांगतात. वाळूवर, दगडांवर, गाळणीच्या स्पंजावर हे जिवाणू वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. घाईघाईने सगळे पाणी उपसून पेटी घासूनपुसून लख्ख करणारा मनुष्य आपल्या हातांनी ही वस्ती उठवतो. आठवड्याला एक-चतुर्थांश पाणी बदलावे, गाळणी धुवायची तर पेटीतून काढलेल्या पाण्यातच धुवावी, असा नियम आहे तो ह्यासाठी.

भारतात सार्वजनिक मत्स्यालय प्रथम मद्रासला, मरीना किनाऱ्यावर, १९०९ साली झाले. मराठी माणसाच्या मनात मात्र मत्स्यालय म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. शाळकरी वयात, १९८४ च्या सुमारास, सहलीबरोबर मी ते पाहिले. लक्षद्वीपकडचे रंगीत प्रवाळमासे काचेआड फिरत होते आणि आम्ही खेड्यातली मुले काचेला नाके लावून उभे होतो. पण त्या दिवशी माझ्या मनात एक शंका आली होती, ती आता नीट मांडता येते. प्रवाळमासे आहेत, पण जिवंत प्रवाळ कुठे आहे?

मासे टिकवणे जमले तरी उष्ण समुद्रातले प्रवाळ टिकवणे फार काळ जमले नाही, ह्याचे कारण मार्सिली आणि पेसोनेलच्या जुन्या भांडणात दडले होते. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडची एक मोहीम ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वर्षभर राहिली. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते हे तोवर ठाऊक होते. अंधारात ठेवलेले प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतात, हे मोहिमेने पाहिले. हे शैवाल आपल्या यजमानाला खरोखर अन्न देते का, ह्याचा पुरावा पुढे मिळाला. १९५८ मध्ये मस्काटिन आणि हँड ह्या अमेरिकी संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवले की, शैवालाने उजेडात बनवलेले अन्न समुद्रफुलाच्या शरीरात जाते. समुद्रफूल म्हणजे प्रवाळाचे भावंडच. म्हणजे प्रवाळ हा प्राणी खरा, पण पोटात बाग घेऊन जगणारा. पेसोनेल बरोबर होता आणि मार्सिलीही अगदीच चुकला नव्हता. अ‍ॅना थाईनबाईंचे थंड समुद्रातले प्रवाळ ह्या शैवालावाचून जगणाऱ्या जातीचे होते. म्हणून लंडनच्या अंधुक उजेडातही ते तगले.

१९६१ मध्ये जाकार्ताच्या ली चिन एंग ह्या छांदिष्टाने अमेरिकेतल्या एका मासिकात आपली पद्धत छापली. त्याने समुद्रातून केवळ प्रवाळ आणला नाही. ज्या सच्छिद्र दगडांवर तो वाढतो ते दगडही त्यांवरच्या साऱ्या जीवसृष्टीसह आणले. वर उजेड, आत हवेचे बुडबुडे आणि खरे समुद्राचे पाणी, बस्स. आमच्या कुळागराच्या मालकांना हे सांगितले असते तर त्यांना मुळीच नवल वाटले नसते. आज प्रवाळ पाळण्याचे जे शास्त्र जगभर तयार झाले आहे त्याचा पाया हाच. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान, लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, भरपूर उजेड आणि सतत हलते पाणी, ह्यांत चढउतार होऊ द्यायचा नाही. त्यातली एक गंमत आपल्या जिल्ह्यातला माणूस पटकन ओळखील. पेटीतले पाणी आटले तर त्यात खारे पाणी घालायचे नसते, गोडेच घालायचे असते. उन्हाने पाणी उडते, मीठ मागे राहते. गोकर्णजवळच्या साणीकट्ट्याच्या मिठागरात जे मुद्दाम करतात तेच पेटीत नकळत होते आणि प्रवाळ मरतो.

पण वाचकहो, आपल्यापैकी कोणी कारवारच्या किंवा मालवणच्या समुद्रातून प्रवाळ आणून घरी ठेवावा असे मी सुचवीत नाही. तो गुन्हा आहे. २००१ साली कठीण प्रवाळाच्या सर्व जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. वाघाला जे संरक्षण तेच प्रवाळाला. ह्या कडकपणाला कारण आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ मुळातच थोडा. मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी बेट, मालवणचा परिसर, विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक, अशी मोजकीच ठिकाणे. किनाऱ्याला लागून प्रवाळ का वाढत नाही? काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती ह्या नद्या पावसाळ्यात गोडे पाणी आणि तांबडा गाळ समुद्रात ओततात म्हणून. प्रवाळाला दोन्ही सोसत नाहीत. जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावणारी काळी वाटेत पाणवनस्पतींना जगवते आणि कारवारला मुखापाशी प्रवाळाला पाऊल ठेवू देत नाही. एकाचे जीवन ते दुसऱ्याचे मरण.

त्यात समुद्र तापतो आहे. तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ पोटातले शैवाल टाकून पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात हे फार मोठ्या प्रमाणावर झाले. २०१० आणि २०१६ मध्ये पुन्हा झाले. घरच्या पेटीत हीटर अडकला तर जे होते तेच अख्ख्या समुद्रात. फरक एवढाच, की समुद्राचे बटण बंद करता येत नाही.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे. ती लांब पानांची रोपे कोणती, हे शोधताना पुस्तके चाळली आणि आपल्या मुलखाचा आणखी एक धागा हाती लागला. १६७८ ते १६९३ ह्या काळात अ‍ॅमस्टरडॅमला ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ छापला गेला. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड ह्याने तो करवून घेतला. त्यात मलबारच्या झाडांबरोबर कमळे, कुमुदे आणि इतर पाणवनस्पतीही आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हे मलयाळी वैद्य होते, तसे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांनी १६७५ मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र देवनागरी लिपीत कोकणीतून आहे आणि ते ग्रंथात जसेच्या तसे छापले आहे. पुढे १८६२ मध्ये उत्तर कॅनरा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. म्हणून थिओडोर कुक ह्यांनी १९०१ ते १९०८ मध्ये लिहिलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात आपल्या जिल्ह्यातली झाडे महाबळेश्वरच्या आणि कोकणातल्या झाडांच्या शेजारी बसली आहेत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने माणसांची कचेरी बदलली. झाडांना अर्थातच कोणी विचारले नाही. त्यानंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या पाणवनस्पतींचा कसून अभ्यास केला.

आमचे रोप ‘क्रिप्टोकोरीन’ ह्या प्रजातीतले निघाले. ह्या वनस्पती जगभरच्या छांदिष्टांच्या पेट्यांत मानाने लावल्या जातात. त्यांतल्या काही सह्याद्रीच्या ओढ्यांत रानोमाळ वाढतात. पाणवनस्पतींचे पुस्तक वाचले आणि डोक्यात प्रकाश पडला. पाण्याचा जडपणा, उजेड किंवा तापमान एकदम बदलले की क्रिप्टोकोरीनची पाने विरघळतात. हा तिचा प्रसिद्ध स्वभाव आहे. जंगलातून येणाऱ्या ओढ्याचे पाणी मऊ, क्षार जवळजवळ नाहीतच. बोअरवेलचे पाणी जड. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात, म्हणून त्या कुठेही रुजतात. क्रिप्टोकोरीनसारख्यांना ते साधत नाही. पण पुस्तकात पुढे एक वाक्य होते, त्याने मी जागचा उठलो. पाने गेली तरी कंद जिवंत असतो, तो उपटू नये.

धावत प्रयोगशाळेत गेलो. पेटी रिकामी करायला मी शिपायाला सांगितले होते. सुदैवाने पुढच्या सुट्टीवर ढकललेले ते काम राहूनच गेले होते. कुजकी पाने हाताने वेचून काढली. कंद वाळूत तसेच राहू दिले. पेटी खिडकीच्या उन्हातून थोडी आत सरकवली. बोअरवेलच्या पाण्याऐवजी कौलांवरून येणारे पावसाचे पाणी, पहिले दोन-चार पाऊस सोडून, धरले आणि दर आठवड्याला थोडे थोडे बदलत गेलो. पाटातला मूठभर गाळ आणि दोन धोंडे मालकांकडून मागून आणले. वर रोज सात-आठ तास दिव्याचा उजेड. तिसऱ्या आठवड्यात एका कंदातून तपकिरी रंगाचे, गुंडाळलेले, दाभणाएवढे पान वर आले. हे पान कुळागरातल्या पानासारखे नव्हते. ते नव्या पाण्याच्या मापाने घडलेले होते.

मग ध्यानात आले की ह्यात नवल नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांत ही झाडे दर वर्षी हेच करतात. पावसाळ्यात पुराखाली, उन्हाळ्यात कोरड्या पात्रात. पाने टाकायची आणि कंद धरून राहायचे.

आमच्या तालुक्याला ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमाजवळचे सुपा हे तालुक्याचे जुने गाव १९८७ मध्ये पुऱ्या झालेल्या १०१ मीटर उंचीच्या धरणाखाली गेले. कचेऱ्या जोयड्याला आल्या, पुष्कळ कुटुंबे रामनगरला गेली. घरांच्या चौकटी, तुळशीवृंदावने गाडीत घालून नेता आली; पण शेजार, पाणवठा, देवळाकडची वाट हे गाडीत मावणारे नव्हते. माणूस उचलताना त्याचे पाणी उचलायचे राहून गेले. तरी कंद राहिले आणि त्यांना नवी पाने फुटली; ती जुन्यासारखी नाहीत, हे खरे.

आपल्या मराठीचेही असेच काहीसे आहे. मुलाला चार मराठी पुस्तके आणून दिली म्हणजे भाषा रुजेल, ही माझी तरुणपणीची समजूत होती. ती पेटीत झाड लावण्यासारखी होती. आजीची गोष्ट, अंगणातले भांडण, भजनाची रात्र हा सारा गाळ तळाशी असला तरच भाषा मूळ धरते. आणि त्या गाळात इथे कन्नड आहे, कोकणी आहे. ते घासूनपुसून काढायचे म्हणाल तर पाणीच मरेल.

पेटीतल्या झाडांच्या नावांच्या चिठ्ठ्या मुलांनी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावल्या आहेत. पाणी बदलण्याची पाळी दर शनिवारी एका जोडीकडे असते आणि तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेली असते. गेल्या महिन्यात कुळागराचे मालक नातवाच्या प्रवेशासाठी शाळेत आले तेव्हा मी त्यांना पेटीपाशी नेले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला, काचेजवळ वाकून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, ‘उदक आयलां.’